चौघी गेल्या, बॉलही गेला

सर, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. आमच्याकडं मुलींची कबड्डी पूर्वीपासून चांगली. त्यातल्याच काही जणी आणि तालमीत जाणाऱ्या तिघी मिळून सतरा वर्षांखालचा रग्बी सेव्हन्सचा संघ उभा केलाय. पळण्यात आणि टॅकलमध्ये, म्हणजे बॉलवालीला धरून पाडण्यात, आमच्या पोरी कुणाला ऐकत नाहीत. घोडं पेंड खातंय ते रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही संघ भिडतात तिथं. आमची पोरगी बॉल घेऊन जाते, टॅकल होते, खाली पडते. लगेच चौघी धावून जातात, दोघी वर पडतात, नि बॉल बघावा तर समोरच्या संघाच्या हातात. नाहीतर रेफ्रीची शिट्टी. शिट्टी कशाबद्दल हे पोरींना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मलाही कळत नाही. ताकद कमी पडते असं वाटून जोर-बैठका वाढवल्या, भिंतीला खांदा लावून रेटायला लावलं. काही फरक नाही. मागच्या स्पर्धेत एकीची मान रकमध्ये दबली. डॉक्टरांनी तपासून काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं. आता ती बरी आहे, पण तिची आई तिला मैदानावर पाठवायला तयार नाही. आमच्याकडं टॅकल बॅगा नाहीत, शील्ड नाहीत. चार बॉल, थोडे कोन आणि दोन जुन्या गाद्या एवढंच सामान. मैदान उन्हाळ्यात फार कडक होतं. रक शिकवायचा कसा, आणि कुणाची मान न दुखवता कसा, हे सांगाल का?

– एक क्रीडाशिक्षिका, करवीर

मॅडम, नमस्कार.

जोर-बैठका बंद करू नका, पण रकसाठी म्हणून त्या वाढवायचं थांबवा. तुमच्या पोरींची ताकद कमी पडत नाहीये. ‘लगेच चौघी धावून जातात’ असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. दुखणं तिथं आहे.

सेव्हन्सचा हिशेब मांडून बघा. संघात ७ जणी, मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीच्याच मापाचं, रुंदी ७० मीटरपर्यंत. एक पोरगी बॉलसकट खाली पडली, एक बॉल राखायला आली, एक उचलून पास द्यायला आली. तिघी अडकल्या, चौघी मोकळ्या. त्या चौघींना सगळ्या रुंदीत पसरता येतं. आता तुमच्या चौघी रकमध्ये घुसल्या की खालच्या पोरीसकट पाच गेल्या. उरल्या दोन. एकीनं पास द्यायचा, दुसरीनं घ्यायचा, आणि समोर पाच जणी उभ्या. म्हणजे रक जिंकलात तरी पुढचा डाव गेलाच. बरं, चौघी गेल्या म्हणून रक जिंकता येतो असंही नाही. एसटीच्या दारात सगळे एकदम घुसले की कुणीच आत जात नाही, तसं पहिल्या पोरीला खांदा लावायला जागाच उरत नाही. मागून आलेली तिच्याच पाठीवर आदळते, दोघी बॉलवर पडतात, आणि पडल्या की पेनल्टी.

या चौघी येतात कुठून, तर कबड्डीतून. एकीनं रेडरचा घोटा धरला की बाकीच्यांनी तुटून पडायचं, नाहीतर रेडर लाइनला हात लावून तिला धरणाऱ्यांना बाद करणार. इतकी वर्षं तुम्हीच हे त्यांच्या अंगात मुरवलंय, आणि चांगलं मुरवलंय. त्यामुळं ‘जाऊ नको’ म्हणून ओरडून ते सुटणार नाही. पोरगी खाली पडलेली दिसली की पाय आपोआप पळणार. त्याला तोड आहे, ती पुढं सांगतो.

माझं मत विचाराल तर शालेय पातळीवर रक हा पोचण्याचा खेळ आहे, रेटण्याचा नंतर. टॅकल झाल्यावर पहिली पोचलेली पोरगी गुडघ्यात वाकलेली असेल, सरळ मागून आलेली असेल आणि पायावर टिकून असेल, तर किरकोळ अंगाची पोरगीसुद्धा दांडगीला मागं सारते. तीच दोन ढांगा उशिरा आली तर दांडगीचाही उपयोग नाही. भिंत रेटण्यात यातलं काहीच शिकायला मिळत नाही. भिंत जागेवर असते, ती आधी पोचत नाही आणि बॉलवर हातही टाकत नाही.

आता शिट्ट्यांचं. बॉल जमिनीवर आहे आणि त्याच्या वर दोन्ही संघांची किमान एकेक खेळाडू पायावर उभी राहून एकमेकींना भिडली, की रक झाला. रक झाल्यावर बॉलला हात लावायचा नाही. रक होण्याआधीच जिचे हात बॉलवर पडलेत आणि जी पायावर उभी आहे, तिला मात्र ते काढावे लागत नाहीत. आत यायचं ते आपल्या बाजूच्या सगळ्यात मागच्या पायामागून, ज्याला आपण गेट म्हणतो तिथून. बाजूनं घुसायचं नाही. येताना डोकं आणि खांदे कंबरेच्या खाली जाता कामा नयेत. नुसता खांदा मारूनही चालत नाही, हातानं धरावं लागतं, म्हणजे बाइंड. टॅकल करणारीनं आधी सोडायचं आणि वाटेतून बाजूला व्हायचं. टॅकल झालेलीनं बॉल ताबडतोब ठेवायचा किंवा सोडायचा. बॉल आपल्या बाजूला आलाय आणि कुणी उचलत नाही असं दिसलं की रेफ्री ‘यूज इट’ म्हणतो, तिथून पुढं ५ सेकंद.

तुमच्या वर्णनावरून बऱ्याचशा शिट्ट्या पायावर न राहिल्याच्या असणार आणि उरलेल्यांत बाजूनं घुसल्याच्या जास्त. हे फळ्यावर लिहून देऊ नका, कुणाच्या ध्यानात राहत नाही. दोघींना बॉलवर उभं करा, तिसरीला मुद्दाम बाजूनं आणा, शिट्टी वाजवा आणि बाकीच्यांना विचारा, का वाजवली? मग एकेका पोरीच्या हातात शिट्टी द्या. रेफ्री झालेली पोरगी आठवडाभरात नियम पाठ करते, आणि तुमचेही होतील.

रकची निम्मी लढाई खाली पडणारी पोरगीच लढते. आपल्याकडं याकडं कुणी बघत नाही, सगळं लक्ष मागून येणाऱ्यांवर. टॅकल होणार हे तिला दिसत असतं. त्या क्षणी सरळ समोरच्या छातीवर जायचं नाही. अर्धं पाऊल बाजूला टाकायचं, म्हणजे समोरचीचा नुसता हात लागेल, अख्खं अंग नाही. धक्का बसल्यावरही पाय थांबवायचे नाहीत, आखूड दोन-तीन पावलं पुढं रेटायची. एवढ्या वेळात मागची सोबतीण पोचते. बॉल दोन्ही हातांनी छातीशी. पडताना गुडघा, मग कुल्ला, मग खांदा. हात टेकून पडायचं नाही, मनगट जातं. आणि जमिनीला लागल्या लागल्या आपल्या संघाकडं वळायचं, अंग मैदानाच्या लांबीत ताणायचं आणि बॉल दोन्ही हातांनी पुरता हात लांब करून मागं ठेवायचा. मग समोरच्या पोरीला बॉलपर्यंत यायला हिचं सगळं अंग ओलांडावं लागतं. बॉल पोटाशी ठेवला तर ती नुसती वाकली तरी तिचा हात पोचतो. तुमच्या सामन्याचा कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर रक बघू नका, बॉल कुठं ठेवला जातो तेवढंच बघा. पैज लावून सांगतो, पोटाशी असणार.

हे गाद्यांवर शिकवा. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू पळत. तोंडानं म्हणायला लावा: पड, वळ, ठेव. तिन्ही शब्दांत मिळून एक दम गेला तर ठीक. दोन गेले तर समोरची पोचली म्हणून समजा.

आता धावून येणारी. एकदा बाजूला उभं राहून एकाच पोरीकडं बघा. ती पळत येतेय, नजर बॉलवर. बॉल जमिनीवर, म्हणून मान खाली. मान खाली गेली की पाठीला बाक येतो, गुडघे ताठ राहतात आणि कंबर सगळ्यात वर. समोरची पोरगी तिला दिसतच नाही. मग एक तर तिचं डोकं पुढं जाऊन आदळतं, किंवा कुणाला न लागता ती बॉलवरून पलीकडं कोलमडते. नंतर विचारलं तर म्हणणार, “मॅडम, मी गेलो होतो की, पण धरायचं कुणाला ते दिसलंच नाही.” खरंच दिसलेलं नसतं. तुमच्या त्या मुलीची मानही बहुधा अशीच दबली असावी. मान पुढं वाकलेली असताना डोक्याच्या टाळूवर धडक बसणं ही रग्बीतली सगळ्यात वाईट गोष्ट. मान वर असेल तर मणक्याचा नैसर्गिक बाक आणि मानेचे स्नायू धक्का झेलतात. वाकलेली असेल तर सगळा भार सरळ मणक्यांवर येतो.

म्हणून पहिलं वाक्य हे शिकवा: बॉल पळून जात नाही, तो आपल्याच पोरीनं ठेवलाय. बघायचं ते समोरून कोण येतंय तिकडं. आणि बघून ठरवायचं.

समोर कुणीच आलेलं नसेल तर रक करायचाच नाही. बॉल उचलायचा आणि पळायचं. सेव्हन्समध्ये याच्याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही, आणि शालेय सामन्यांत ही संधी सारखी येते, कारण समोरच्या पोरीही गोंधळलेल्या असतात. उचलायला जमण्यासारखं नसेल तर बॉल ओलांडून एक पाऊल पुढं जायचं, गुडघ्यात वाकून ठाण मांडायचं आणि पास देणारीला वेळ द्यायचा. समोरची येताना दिसत असेल तर ती बॉलवर पोचायच्या आधी, पलीकडंच तिला गाठायचं. बॉलच्या अलीकडं थांबून वाट बघणारी पोरगी नेहमी मागं रेटली जाते.

तिसरी गत अवघड. समोरची आधीच वाकून हात बॉलवर टाकून बसलीय, म्हणजे जॅकल. हिच्या वरून जाऊन उपयोग नाही. हिच्यापेक्षा खाली जायचं आणि तरी डोकं, खांदे कंबरेच्या वर ठेवायचे, म्हणजे वाकायचं ते फक्त गुडघ्यात. खांदा तिच्या छातीखाली किंवा दंडाखाली घालायचा, डोकं एका बाजूला, हात तिच्या पाठीवरून पलीकडं आवळायचे, आणि मग पाय चालवायचे. आखूड, भराभर पावलं. लांब ढांग टाकली की एक पाय हवेत जातो आणि तोल गेलाच. तिला वर उचकटून बॉलच्या पलीकडं न्यायचं. तिच्या गुडघ्यावर किंवा नडगीवर अंग टाकायचं नाही, त्यानं पाय मोडतात आणि नियमातही ते धोकादायक खेळात मोडतं. ही जॅकल नीट बसलेली असेल, दोन्ही हात बॉलखाली गेलेले असतील, तर बॉल गेला समजा. तिसरी-चौथी पाठवून उपयोग नाही, त्यापेक्षा बाकीच्यांनी बचावाची रांग लावावी. हे पोरींना पटायला वेळ लागतो. हात बांधून बघत उभं राहणं आपल्या कोल्हापुरात कुणाला जमत नाही.

वाकण्याचा सराव मैदानाच्या कडेला फुकटात होतो. दोन खांबांना कासरा ताणून बांधा, पोरींच्या छातीच्या उंचीला. पाच-सहा पावलांवरून पळत यायचं, कासऱ्याखालून जायचं, पलीकडं गादीपर्यंत तसंच वाकून पोचायचं. गंमत अशी की मान खाली घालूनही कासऱ्याखालून जाता येतं आणि बहुतेक जणी तसंच करतात. त्यासाठी तुम्ही पलीकडं उभ्या राहा आणि हाताची बोटं दाखवा. खालून जाता जाता तिनं बोटं किती ते ओरडून सांगायचं. मान वर असल्याशिवाय बोटं दिसत नाहीत, आणि मान वर ठेवून खाली जायचं तर गुडघ्याशिवाय मार्ग नाही. यात धडक नाही, त्यामुळं पहिल्या दिवसापासून रोज करता येतं. काही दिवसांनी कासरा वीतभर खाली घ्या.

तालमीतल्या तिघींना पुढं करा. कुस्तीचा पवित्रा, म्हणजे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, वजन चवड्यांवर, मान वर, हा रकला लागतो तसाच आहे. तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी बाकीच्यांना तो घालून दाखवला तर लवकर उतरेल. धरायची पकडही त्यांचीच चांगली असणार. फक्त त्यांच्या तीन सवयी मोडाव्या लागतील आणि त्या मोडताना त्या वैतागतील, हे धरून चला.

एक म्हणजे मान. कुस्तीत मानेवर हात टाकून खाली ओढणं रोजचं. रकमध्ये खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला की पेनल्टी, आणि मान पिरगळली तर कार्ड. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर. ७ मिनिटांच्या दोन डावांच्या सामन्यात सहा जणींनी २ मिनिटं काढणं म्हणजे एखादी ट्राय (समोरच्यांनी आपल्या गोलरेषेपलीकडं बॉल टेकवून मिळवलेले गुण) दिल्यात जमा. दुसरं, पाडणं. कुस्तीत समोरचीला घेऊन खाली गेलं की काम झालं. इथं तिच्यासोबत तुम्ही खाली गेलात की तुम्ही खेळाच्या बाहेर, उठून परत येईपर्यंत बॉलला हात लावता येत नाही. रेटा, पण पडू नका, हे तालमीतल्या पोरीला उलटंच वाटतं. तिसरं, खाली वाकलेल्या पैलवानाला कमरेला विळखा घालून कुशीवर लोळवायचं ते. रग्बीत याला क्रॉकोडाइल रोल म्हणतात. बॉलवर बसलेल्या जॅकलला काढायला पूर्वी मोठमोठे खेळाडू हेच करायचे, पण त्यात जॅकलचे पाय अडकून गुडघे जायचे, म्हणून १ जुलै २०२४ पासून तो बंद आहे. जुने व्हिडिओ बघून पोरी तो शिकल्या असतील तर आत्ताच सांगा.

कबड्डीवाल्यांना उलट गोष्ट शिकवायचीय, ती म्हणजे सोडणं. घोटा धरला तर शेवटपर्यंत सोडायचा नाही, ही त्यांची पुण्याई. रग्बीत पाडलं की सोडायचं, लगेच, आणि हात वर करून रेफ्रीला दिसेल असं सोडायचं. मग पायावर उभं राहायचं आणि बॉलवर जायचं ते आपल्या बाजूनं. हे दोघींच्या जोडीत चालत चालत करा: पाड, सोड, ऊठ, बॉल. शंभरदा सांगून होणार नाही, अंगात बसेपर्यंत करूनच होईल.

मघाशी चौघींवर तोड सांगतो म्हटलं होतं. चार विरुद्ध चार असा छोटा खेळ लावा, कबड्डीच्या मैदानाएवढ्या जागेत. सुरुवातीला पूर्ण टॅकल नको, दोन्ही हात कमरेला लागले की बॉलवालीनं खाली पडून बॉल ठेवायचा. नियम एकच वाढीव: रकवर प्रत्येक संघाच्या दोघींनाच जाता येईल. तिसरी आत आली की बॉल समोरच्यांना. तुम्ही काही बोलायची गरज नाही, तिसरी गेली की तिच्याच मैत्रिणी तिला धरून ओरडतील. आणि पोचणारीनं ओरडायचं. पहिली निघाली की “गेलो!” मागची तिला बघून ठरवणार, गरज दिसली तर “आलो!”, नाहीतर “राहिलो!” म्हणून बाजूला पसरायचं. सुरुवातीला सगळ्या एकदम “गेलो” म्हणतील. ओरडा ऐकून त्यांचं त्यांनाच हसू येईल, तिथून सुधारणा सुरू होते.

तासाभराच्या सरावात रकला वीस मिनिटांहून जास्त देऊ नका, आणि त्यातही खरी धडक पाचेक मिनिटं. बाकी वेळ कासरा, पडणं-ठेवणं, बघून ठरवणं यात घालवा. ठरवण्याचा सराव असा: बॉलपाशी एक पोरगी पडलेली, पलीकडं एक उभी. पाच मीटरवरून तिसरी पळत निघाली की तुम्ही पलीकडचीला मागून खूण करता, जा किंवा थांब. येणारीला ती खूण दिसत नाही. समोरची हलली तर तिला गाठायचं, थांबली तर बॉल उचलून पळायचं. धडक हळू, पोत्यावर (पोतं कसं करायचं ते शेवटी सांगतो). यात दहापैकी सहा वेळा थांबवा, म्हणजे डोळे उघडे ठेवायची सवय लागते.

बचावाचं थोडक्यात. समोरच्यांची पोरगी खाली पडली तर तुमची एकच तिथं जाईल, तीही आधी पोचत असेल तरच. उशीर झाला असेल तर रकला हातसुद्धा लावू नका. बाकी सगळ्या रांगेत उभ्या, रकच्या मागच्या पायाच्या मागं. तुमच्या पोरी टॅकलमध्ये तरबेज आहेत असं तुम्हीच म्हणता, मग रांगेत सहा जणी उभ्या ठेवण्यासारखं सुख नाही.

मैदान कडक असताना, म्हणजे मार्च ते मे, अंगावर पडण्याचा सराव गाद्यांवरच करा. जमिनीवर पोरींना पाडू नका, कुल्ल्याला मार बसला की पोरगी पुढच्या वेळी पडायलाच घाबरते आणि मग वेडीवाकडी पडते. तालमीच्या वस्तादांशी बोलणं होत असेल तर सकाळी मोकळ्या वेळेत हौद्यातली माती मिळते का बघा. पाऊस पडून मैदान मऊ झालं की मग जमिनीवर या. माउथगार्ड मात्र प्रत्येकीला हवाच, गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा साधा चालतो. नखं कापलेली, कानातलं, नाकातलं, बांगड्या काढलेल्या. कोल्हापुरात बांगडी काढायला सांगितलं की घरून कधीकधी नाराजी येते. आल्यास पालकांना मनगटावर काच फुटल्यावर काय होतं ते सांगा.

त्या मुलीच्या आईशी वाद घालू नका. त्या चुकीचं काही बोलत नाहीयेत. पोरीला नव्हे, आईला एकदा सरावाला बोलवा आणि कासऱ्याचा खेळ दाखवा. मान वर ठेवायला शिकवतो, त्याशिवाय धडक करू देत नाही, हे डोळ्यांनी बघितलं की बोलणं सोपं होतं. डॉक्टरांचा होकार लेखी घ्या. पोरगी परत आली तर आधी नुसतं पळणं आणि पास, मग कासरा, मग पोतं, आणि सगळ्यात शेवटी जोडीची धडक. तिच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच मानेचा व्यायाम रोज करा: जोडीदारीणीनं कपाळावर तळवा ठेवायचा, हिनं मान न हलवता त्याच्याविरुद्ध जोर द्यायचा, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. झटके नकोत. पैलवान डोकं टेकवून मानेवर पूल घालतात तो नव्या पोरींना देऊ नका.

सामन्यात किंवा सरावात कुणाची मान दुखावली, हाताला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा जाणवला तर तिला उठवायचं नाही, पाणी पाजायला डोकं उचलायचं नाही, डोकं स्थिर धरून १०८ ला फोन. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखी वाटली, तोल गेला, उलटी झाली, किंवा नुसता संशय आला, तरी त्या दिवशी ती परत खेळणार नाही. “मॅडम, मला काय झालं नाही,” असं प्रत्येक जण म्हणते. ऐकायचं नाही.

पोरींना घरी बघायला काही सांगायचं तर ऑलिम्पिकच्या महिला सेव्हन्सच्या फायनल सांगा. २०१६ ला रिओत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला आणि पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी नेलं, त्यानंतर टोकियो आणि पॅरिस दोन्ही न्यूझीलंडच्या मुलींनी. ट्राय बघायच्या नाहीत. वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक रकला किती जणी गेल्या ते लिहायचं. तुमच्या चौघींना ते आकडे तुमच्या माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटतील.

टॅकल बॅगांसाठी देणगीदार शोधत बसू नका. तुमच्या भागात उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं. खताची रिकामी पोती स्वच्छ धुऊन, वाळवून एकात एक अशी दोन घ्या, वाळलेलं पाचट पायानं दाबून भरा, मध्ये एक जुनी टायरची ट्यूब गुंडाळून घाला आणि तोंड सुतळीनं शिवा. सुतळीची गाठ वर ठेवू नका, गालाला लागते. बाहेरून जुनी चादर शिवून घेतली तर खांदे सोलवटत नाहीत. ओलं पाचट भरू नका, कुजून वास मारतं आणि पोतं दुप्पट जड होतं. पावसाळ्यात पोती शाळेच्या व्हरांड्यात आडवी न ठेवता उभी ठेवा, नाहीतर उंदीर लागतात. अशी चार झाली की तुमचं काम वर्षभर निभेल.